डाव्या कडेचा खळगा

"मॅडम, कागदाला मालिश करताय होय?"

रेकॉर्डरूमच्या मामांनी फाइलींचा गठ्ठा टेबलावर आदळला, तेव्हा परीक्षकबाईंच्या लक्षात आलं की आपला डावा अंगठा मघापासून समोरच्या चित्रावर फिरतोय. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"गठ्ठा ठेवा आणि निघा मामा. तुमचं लक्ष नेमकं नको तिथे."

"निघतो की. पण आज काडेपेटी नाही काढलीत ती?"

काडेपेटी हा त्या मजल्यावरचा जुना विनोद होता. पेटंट ऑफिसच्या डिझाइन विभागात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. कुणी मिक्सरचं, कुणी टॉर्चचं, कुणी फोनचं नवं कवच काढतो आणि त्याची सात चित्रं पाठवतो: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरकं. सातही चित्रं एकाच वस्तूची आहेत ना, हे परीक्षकाने बघायचं. मग असा आकार आधी कुठे जगाला दिसला होता का, ते धुंडाळायचं. दिसला नसेल तर नोंदणी, दिसला असेल तर अर्ज बाद. एवढंच काम, पण डोळ्यात तेल घालून करायचं. बाई प्रत्येक फाइलीला ड्रॉवरमधून एक जुनी काडेपेटी काढत. तिच्या डाव्या कडेला ब्लेडने पाडलेली एक खाच होती. पेटी समोर धरायची, पालथी करायची, खाच कुठे गेली ते बघायचं, पेटी परत ड्रॉवरमध्ये. नवीन भरती झालेली पोरं विचारायची, मॅडम सिगारेट ओढतात का? मामा सांगायचे, "ओढतात, पण पेटवत नाहीत."

असं का करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंचा काटेकोरपणा म्हणून सगळे कौतुक करत. 'मॅडमच्या हातून चूक होत नाही,' हे त्या मजल्यावर भिंतीवरच्या सूचनेसारखं झालं होतं. आता चूक होत नाही हे खरंच. पण का होत नाही, हे त्यांना विचारायचं कुणी?

त्या दिवशीचा अर्ज एका बड्या कंपनीचा होता. हातात धरून ऐकायच्या छोट्या यंत्राचं कवच. चित्रं कॉम्प्युटरवर काढलेली, रेघ न् रेघ काटेकोर. डाव्या कडेला अंगठा बसेल एवढा उथळ खळगा. वर आवाजासाठी पाच तिरप्या फटी, खाली येता येता आखूड होत गेलेल्या. आणि चार कोपऱ्यांपैकी खालचा डावा कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा जास्त गोल.

बाईंनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. खळगा कुणालाही सुचेल. फटीसुद्धा सुचतील. पण तो कोपरा? तो कुणाला सुचलेला नव्हताच मुळी. ती कानस चुकलेली होती, आणि कॉम्प्युटरची कानस काही चुकत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी एक रेडिओ दुरुस्त करणारा माणूस याच टेबलासमोर उभा राहिला होता. शर्टाच्या खिशात टेस्टर, बोटांना सोल्डरिंगचे डाग. अर्ज पोस्टाने पाठवला तरी चालतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने रुमालाची गाठ सोडली आणि लाकडी कवचातला एक छोटा रेडिओ पुढे केला.

"धरून बघा बाई."

"इथे वस्तू बघत नाहीत हो, चित्रं बघतात."

"चित्रं पण आणलीत. पण एकदा धरून तर बघा."

बाईंच्या उजव्या हातात पेन होतं, म्हणून त्यांनी तो डाव्या हातात घेतला. अंगठा आपल्या आपण खळग्यात जाऊन बसला. असा बसला की बाईंना हसूच आलं. इतकी वर्षं आपल्या हाताची कुणी विचारपूस केली नव्हती, असं काहीतरी वाटलं त्यांना.

"बायकोसाठी केला," तो म्हणाला. "उजवा हात गेला तिचा. डाव्या हाताने धरायचं तर सगळं निसटतं. हा नाही निसटत. आणि हा कोपरा बघा, इथे कानस जरा जास्तच चालली. मी नवीन करणार होतो. पण ती म्हणाली राहू दे, तळहातात छान बसतो. मग राहू दिला."

तो गेला. आठ दिवसांनी बाईंनी त्याची सात चित्रं तपासली, आणि हरकतीचं पत्र लिहिलं: 'समोरच्या चित्रात खळगा डावीकडे दाखवला आहे, मागच्या चित्रात उजवीकडे. चित्रांत विसंगती आहे. दुरुस्ती करावी.'

आता बोला! वस्तू पालथी केली की डावीकडचं उजवीकडे जाणारच. शेंबड्या पोराला कळतं ते. चित्रं शंभर टक्के बरोबर होती. त्या दिवशी बाईंचं डोकं दुखत नव्हतं, घरी कुणी आजारी नव्हतं, फाइलींचा डोंगर नव्हता की साहेब मागे लागले नव्हते. पुढे त्यांनी कितीदा तरी तो दिवस आठवून पाहिला. एखादी सबब सापडली असती तर तेवढाच आधार झाला असता. सापडली नाही. साधा मंगळवार होता.

रेडिओवाल्याने सरकारी कागदाशी वाद घातला नाही. त्याने बिचाऱ्याने बरोबर असलेली चित्रं चुकीची केली. खळगाच उचलून दुसऱ्या कडेला नेला आणि खाली लिहिलं: 'आपण दाखवून दिलेली चूक मान्य आहे. तसदीबद्दल माफी असावी.' नवीन चित्रं आली ती दुसऱ्याच वस्तूची. बाईंनी नियमावर बोट ठेवून लिहिलं, दुरुस्त आकार मूळ अर्जापेक्षा वेगळा आहे, सबब अर्ज नामंजूर. सही, शिक्का. फाइल खाली गेली.

दोन वर्षांनी बाई दोन नव्या परीक्षकांना शिकवत होत्या. हाताशी काडेपेटी होती, तिला ब्लेडने खाच पाडली. "हे बघा, खाच समोरून डावीकडे. आता पालथी केली. आता खाच कुठे गेली?" पोरं म्हणाली, उजवीकडे. बाई पुढे बोलेचनात. पोरांना वाटलं, मॅडमना चक्कर आली. फेरविचाराची मुदत केव्हाच उलटून गेली होती. बाईंनी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. काडेपेटी तेवढी ठेवून दिली.

तेव्हापासून तो अंगठा त्यांच्या मागे लागला होता. पेला धरला, फोन धरला, जिन्याचा कठडा धरला, की डावा अंगठा खळगा शोधायचा. आदल्याच संध्याकाळी टीव्हीसमोर नवरा म्हणाला होता, "अगं, तिथे बटण नाही. मोकळं प्लॅस्टिक आहे ते. चॅनल बदलायचा तर इकडे आण रिमोट." बाईंनी मुकाट्याने रिमोट दिला होता.

मामांनी जुनी फाइल दोन दिवसांत शोधून आणली. "नष्ट करायच्या गठ्ठ्यात होती," ते धूळ झटकत म्हणाले. "नशीब कुणाचं म्हणायचं, तिचं की तुमचं?"

बाईंनी चित्रं शेजारी शेजारी मांडली. खळगा तोच, फटी त्याच, कोपरा तोच. पण कायद्याला त्या फाइलीचा काडीचा उपयोग नव्हता. नामंजूर अर्ज छापला जात नाही, तो कपाटात जातो. आणि जे जगाला दिसलं नाही ते कायद्याच्या लेखी झालंच नाही. बाईंनी 'नवीन आहे' म्हणून सही केली, की तो खळगा कंपनीचा, कायमचा. रेडिओवाल्याच्या नावावर दुसऱ्यांदा फुली, आणि तीही त्याच हातची.

पण कंपनीने तो कोपरा पाहिला होता एवढं नक्की. म्हणजे असे रेडिओ कुठेतरी लोकांच्या हातात गेले होते. त्याचा तारखेसकट पुरावा मिळाला तर अर्ज अडवता येणार होता. परीक्षकाने खुर्ची सोडून पुरावे गोळा करत हिंडायचं नसतं. बाई शनिवारी फाइलीवरच्या पत्त्यावर गेल्या.

दुकानाच्या जागी आता झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. मशीनवाल्याने न बघताच वर बोट केलं. जिना चढून बाईंनी दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईंचा उजवा हात पदराखाली मुडपलेला होता. वय सत्तरीच्या आसपास, नजर मात्र स्वच्छ.

"रेडिओ दुरुस्त करायचे ते..."

"त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. तुमचं काही दुरुस्तीला राहिलंय का? तसं असेल तर सांगा, कपाटात बघू. बऱ्याच जणांचं राहिलंय."

"नाही वहिनी. ऑफिसच्या कामाने आलेय. त्यांनी एक लाकडी रेडिओ केला होता..."

"हा काय!" वहिनींनी खिडकीतून तो उचलून पुढे केला.

लाकूड वापरून वापरून काळं झालं होतं. बाईंच्या उजव्या हातात पर्स होती. त्यांनी डावा हात पुढे केला आणि अंगठा सरळ आपल्या जागी जाऊन बसला, एकोणीस वर्षं वाट बघितल्यासारखा.

वहिनी त्या हाताकडे बघत राहिल्या.

"तुम्ही त्या बाई," त्या म्हणाल्या. "सगळे जण उजव्या हातात घेतात आणि म्हणतात, हे भोक कसलं? ह्यांनी मला सांगितलं होतं, त्या बाईंनी डाव्या हातात घेतला आणि हसल्या. म्हणाले, झालंच समज आपलं काम. एक कारखानदार तयार होता, नोंदणीचा कागद दाखवा म्हणाला."

"आणि मग?"

"मग काय, कागद आला नाही, कारखानदार गेला." वहिनींनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा ना. तुम्हाला दोष नाही हं दिला त्यांनी कधी. म्हणायचे, बाईंची काय चूक? चित्र माझंच चुकलं."

बाई बसल्या.

रेडिओ बाहेर गेले ते वहिनी हाताच्या उपचाराला जायच्या त्या इस्पितळातून. तिथे हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला तो रेडिओ फार आवडला. रेडिओवाल्याने तिच्या पेशंटांसाठी दहा-बारा करून दिले. इस्पितळाने व्यायामाची पुस्तिका छापली, तिच्यात फोटो घातला. वहिनींनी ती पुस्तिका कपड्यांच्या घडीखालून काढली. पान सातवर एक डावा हात, हातात रेडिओ, अंगठा खळग्यात, गोल कोपरा स्पष्ट. मागे छपाईचं साल. पंधरा वर्षांपूर्वीचं.

कंपनीचा अर्ज तिथेच आडवा झाला होता. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. त्या निघायच्या बेतात होत्या, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला चित्रातलं कळतं ना? मग हे जरा बघा. मला काही उमगलं नाही कधी."

त्यांनी एक जुनी वही पुढे केली. पहिल्या पानावर, शाळेत सुविचार लिहितात तशा वळणदार अक्षरात बाईंचंच वाक्य उतरवलं होतं: 'समोरच्या चित्रात खळगा डावीकडे, मागच्या चित्रात उजवीकडे. चित्रांत विसंगती आहे.' पुढच्या पानावर कप. समोरून कान डावीकडे, मागून उजवीकडे. अगदी बरोबर. खाली लाल पेन्सिलीने फुली. मग कुलूप, फुली. कात्री, फुली. एका दांडीला दोरा गुंडाळलेला चष्मा: समोरून दोरा डावीकडे, मागून उजवीकडे. फुली. पानामागून पान.

"अशा सात वह्या आहेत," वहिनी सांगत होत्या. "घरातली एक वस्तू सोडली नाही. रोज दुकान बंद केलं की बसायचे. दरवेळी चुकतंय म्हणायचे. मला डावं-उजवंच कळत नाही गं, म्हणायचे. मग तर सकाळी चपला घालताना मला विचारायला लागले, ही डावी ना? ज्या माणसाने डोळे मिटून रेडिओ जोडले, त्याची अशी गत. पाच वर्षं असं चाललं होतं."

आत्ता सांग, बाईंचं मन ओरडत होतं. आत्ता, या क्षणी. त्यांच्या तोंडून निघालं ते इतकंच, "येते मी. पुस्तिका आठ दिवसांत परत देते." जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही.

सोमवारी त्यांनी अहवाल लिहिला. पुस्तिका जोडली, पान सात, छपाईचं साल. चार ओळींत काम झालं. कंपनीला उत्तर देता आलं नसतं, आणि बाईंच्या चुकीचा कुणाला वासही आला नसता. न्याय झाला, आपणही सुटलो, असं म्हणून कुणी समाधानाने चहा मागवला असता. बाईंनी फोटो पुन्हा पाहिला. फोटोत हात पेशंटचा होता. खाली लिहिलं होतं, 'डाव्या हाताचा व्यायाम.' तो रेडिओ कुणी केला हे त्या छापील जगात कुठेच नव्हतं. होतं फक्त नामंजूर फाइलीत, आणि ती फाइल उघडली की आत बाईंचं अक्षर होतं.

त्यांनी दुसरं पान घेतलं.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. काम बाईंकडूनच शिकलेले. काडेपेटीच्या दिवशी समोर बसलेल्या दोन पोरांतले एक.

"मॅडम, पहिलं पान फर्स्ट क्लास. हे दुसरं पान कशाला?"

"पुस्तिकेत करणाऱ्याचं नाव नाही साहेब."

"मग नसू दे ना! आपल्याला आकार तपासायचाय, नाव नाही. जुनी मढी कशाला उकरताय? अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागली तर रिटायर होऊनही वर्षभर हेलपाटे घालाल. कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"त्यानेच विचारलंय. सात वह्या भरून विचारलंय."

साहेबांना ते समजलं नाही. ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या निरोपाचं भाषण लिहायला घेतलंय मी. पहिलंच वाक्य आहे, सव्वीस वर्षांत एकही चूक नाही."

"ते वाक्य खोडा," बाई म्हणाल्या. "आणि ती काडेपेटी तुम्हाला देऊन जाते. त्या दिवशी ती काढली होती तुम्हाला शिकवायला, पण खरी शिकले मी. तुमच्यासमोरच."

साहेब बराच वेळ पान वाचत बसले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'पाहिले' असं लिहून खाली सही केली. वर बघितलं नाही.

पुढच्या शनिवारी बाई पुन्हा तो जिना चढल्या. पुस्तिका परत दिली आणि पानाची प्रत पुढे केली.

"तुम्हीच वाचा," वहिनी म्हणाल्या. "चष्मा सापडत नाही."

बाईंनी वाचलं. आपण लिहिलेलं आपल्याच तोंडाने वाचणं इतकं कठीण असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. 'हा आकार प्रथम यांनी केला,' मग त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. 'त्यांनी सादर केलेली मूळ चित्रं बिनचूक होती. विसंगती नव्हती. हरकत घेण्यात चूक झाली, ती चूक माझी.' खाली बाईंचं नाव.

"म्हणजे त्यांचं चित्र..."

"बरोबर होतं वहिनी. पहिल्यापासून."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू झालं आणि थांबलं.

"मागच्या वेळी का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

"आणि ते होते तेव्हा? अकरा वर्षं होते की हो ते त्यानंतर! याच घरात होते, पत्ता होता तुमच्याकडे!" वहिनींचा आवाज चढला आणि चिरकला. "चपलेचं विचारायचा हो मला तो माणूस. चपलेचं!"

बाई माफी मागायचं ठरवून आल्या होत्या, पण तो शब्द आता त्यांना फार स्वस्त वाटला. वहिनींनी डोळे पुसले, उठल्या आणि कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढून एका हाताने छातीशी धरून आणला. टेबलावर ठेवला.

"तपासून द्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या. तुमच्या सहीने."

बाईंनी हिरव्या शाईचं पेन काढलं. गठ्ठ्यातली वरची वही ओढली. ती नेमकी शेवटची निघाली. केरसुणी, बरोबर, सही. साबणाची डबी, बरोबर, सही. पंधरा-वीस पानांनंतर वही एकदम कोरी झाली. कोऱ्याच्या आधीच्या पानावर वस्तू नव्हती, हात होता. डावा हात, बारीक रेघांचा, नखांच्या चंद्रकोरींसकट. एकदा तळव्याच्या बाजूने: अंगठा डावीकडे. एकदा पाठीच्या बाजूने: अंगठा उजवीकडे. खाली लाल फुली नव्हती.

"हा माझा," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी किती वेळ माझा हात उलटा-सुलटा करत बसले होते. मी म्हटलं, मोडाल एवढा पण. मग एकदम थांबले, आणि हसले. वही मिटली ती मिटलीच. चपलेचं पण नाही विचारलं त्यानंतर."

बाईंचं पेन थांबलं. "काही म्हणाले?"

वहिनींनी आठवलं. "मी विचारलं, सापडली का चूक? तर म्हणाले, सापडली. जाऊ दे. त्या बाईंना तरी दिवसाला किती फाइली असतील."

बाईंना समोरचं दिसेना. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला. त्या माणसाला कळलं होतं. सहा वर्षं त्याला माहीत होतं, आणि त्याने एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नव्हतं. त्या पानावर बाईंनी काही लिहिलं नाही. तपासण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

वहिनी खिडकीशी जाऊन बसल्या. त्यांनी रेडिओ डाव्या हातात घेतला, अंगठा खळग्यात ठेवला आणि बारीक आवाजात बातम्या लावल्या. टेबलावर अजून सहा वह्या होत्या. बाईंनी तळातली, पहिली ओढली. पहिल्या पानावरचं आपलं वाक्य हिरव्या शाईने आडवं खोडलं, बाजूला सही केली आणि पान उलटलं. कप होता. समोरून कान डावीकडे, मागून उजवीकडे. बाईंनी फुलीखाली लिहिलं, बरोबर.